नव्या घरातला पहिला आवाज

शस्त्रक्रियेनंतर माझ्या जाऊबाईंचा आवाज परत आला, तो आधी स्वयंपाकघरात. थायरॉईडची गाठ काढून त्या घरी आल्या तेव्हा गळ्याला पांढरी पट्टी होती आणि बोलणं म्हणजे नुसता वारा. आवाजाच्या नसेला धक्का बसला आहे, ती तुटलेली नाही, धीर धरा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी धीर धरला. मग एका सकाळी, फोडणीतली मोहरी तडतडून थांबल्यावर जी क्षणभराची शांतता होते, त्या शांततेत मला एक बारीक, थरथरता सूर ऐकू आला. मी दारातच थांबले. जाऊबाई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. समोर भिंतीवरच्या गुळगुळीत टाइल्स, बाजूला मांडणीवर ओळीनं लावलेले स्टीलचे डबे, पालथी घातलेली पातेली. त्या साऱ्या कठीण, चकाकत्या वस्तूंनी तो सूर झेलला, किंचित उजळला आणि त्यांच्याच कानाशी परत आणून ठेवला. त्यांनी तो पुन्हा लावला. डोळे मिटलेले होते आणि हातातला झारा तसाच अधांतरी.

त्या सकाळचं ऋण मी अजून मानते. आयुष्यभर मी कविता वाचली, कॉलेजात ती शिकवली. ओळ कुठे तोडावी, शब्दाभोवती किती मोकळी जागा असावी, यावर तासन्‌तास बोलले. पण आवाजालाही एक खोली लागते, ती खोली त्याला उचलून घेते किंवा खाली ठेवते, हे मला आमच्या धुरकट स्वयंपाकघरात कळलं.

आमचं घर राजापेठेत, मुख्य रस्त्यापासून एक गल्ली आत. संध्याकाळी शिकवण्या सुटल्या, की दुचाक्यांचे हॉर्न थेट दिवाणापर्यंत येतात आणि पुढच्या खोलीची खिडकी लावून घ्यावी लागते. त्या खोलीत दर गुरुवारी भजन होतं. जाऊबाई गातात, मी पेटी वाजवते, जाऊबाईंचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, ढोलकी धरतात आणि शेजारच्या दोघीतिघी टाळ घेऊन येतात. माझे यजमान श्रोते. त्यांना सुरातलं काही कळत नाही, हे ते स्वतःच अभिमानानं सांगतात.

ती खोली नीटनेटकी कधीच नव्हती. दोन दिवाण, त्यांच्या टोकाला गाद्यांची चळत, सासूबाईंनी शिवलेल्या गोधड्या, जाड पडदे आणि एका भिंतीला छतापर्यंत माझी पुस्तकं. पाहुण्यांना तिथे कोंदटल्यासारखं होई. पण भजनाला ती खोली फार समजूतदार होती. ढोलकीवर थाप पडली, की ती पडदे आणि गाद्यांमध्ये शिरून तिथेच निजून जाई. पेटीचा कर्कश कड पुस्तकांच्या पाठींना लागून बोथट होई. जे उरे, ते जाऊबाईंच्या वाट्याला येई. आजारपणानंतर त्यांचा आवाज पूर्वीच्या निम्माही राहिला नव्हता. पूर्वी तो पितळी घंटेसारखा होता, आता मातीच्या पणतीसारखा झाला होता. लहान, तांबूस, वाऱ्याला भिणारा. तरीही त्या खोलीत तो सर्वांच्या वर तरंगत राही. आम्हाला वाटायचं, आवाज बरा झाला. खोली आपल्याला सांभाळून घेते आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

थोरल्या दिरांविषयी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरे म्हणतात. भासऱ्यांशी धाकट्या सुनेनं समोरासमोर बोलायचं नाही, हा जुना रिवाज. काळ बदलला. मी नोकरी केली, स्कूटर चालवली, सभांमधून बोलले. डोक्यावरचा पदर कधी गेला ते आठवतही नाही. पण हा एक रिवाज आमच्या घरात राहून गेला. कुणी सक्ती केली नव्हती. दोघांनाही त्याची सवय झाली होती आणि त्यात एक आपलेपणाही होता. मला काही सांगायचं असलं, की मी जाऊबाईंना सांगे, "दादांना म्हणावं, चहा झाला." दादा तीन हातांवर बसलेले असत. एकदा घरात दुसरं कुणीच नव्हतं आणि गॅसवाला येऊन गेला होता, तेव्हा त्यांनी ती बातमी फ्रिजला उद्देशून सांगितली होती. मी फ्रिजच्या वतीनं मान हलवली होती.

त्यांची सारी नोकरी नांदगाव पेठेच्या एका सूतगिरणीत झाली. दिवसभर यंत्रांचा गडगडाट, त्यातून एकमेकांना हाका मारायच्या. कानांना मोठ्याचीच सवय लागली आणि हातही तसाच पडू लागला. त्यांचा ठेका मात्र विलक्षण पक्का. जाऊबाई म्हणत, लय कशी पाहिजे तर अशी, मेण्यात बसल्यासारखं वाटलं पाहिजे.

अकोल्याच्या नणंदेचा फोन आला तो दिवाळीच्या आधी. तिच्या सासरचा भाजीपाल्याचा आणि फुलांचा मळा. इतकी वर्षं सगळे बाजारालगतच्या अंधाऱ्या घरात दाटीवाटीनं राहिले. आता मळ्याच्या कडेलाच नवं घर उभं राहिलं होतं आणि वास्तुशांतीचा मुहूर्त ठरला होता. तिनं फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि जाऊबाईंना म्हणाली, "वैनी, पूजा गुरुजी करतीन. पन माह्या घरात पहिलं गानं तुहं झालं पाहिजे. मी लग्न होऊन निंगालो तवा दारात तूच गायली होती. दुसऱ्या कोनाचं मले चालत नाही."

जाऊबाई हो म्हणाल्या. फोन ठेवला. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "घरातल्या घरात म्हनून राहिलो ते अलग. तठी पन्नास बाया राहतीन. जमलं तं जमलं. नाही जमलं तं याच्यापुढं मी नुसती टाळ धरीन. लोकाइसमोर एकदा आवाज पडला का मंग मले तोंड उघडायचा धीर होनार नाही, सांगून ठेवतो."

त्या असं काही उगाच बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. टाळ धरीन म्हणाल्या, म्हणजे धरतील. गाणं ही त्यांची एकच गोष्ट अशी होती, जी त्यांनी स्वतःसाठी राखली होती. बाकी सगळं, दुपारची झोपसुद्धा, त्या घरावर उधळून मोकळ्या झाल्या होत्या.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही अकोल्याला पोचलो. मूर्तिजापूर मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस होता आणि जाऊबाई कोमट पाण्याची बाटली दोन्ही हातांत धरून ओठांतल्या ओठांत चाल घोळवत होत्या. माझ्या मांडीवर पेटी, पुढच्या सीटवर दादांच्या मांडीवर ढोलकी. ज्यांच्या मांडीवर काहीच नव्हतं ते गाडी चालवणारे माझे यजमान, आणि सगळ्यात जास्त कुरकुर त्यांचीच.

नणंद फाटकापर्यंत धावत आली. अंगाला शेवंतीचा वास, नखांत झेंडूची पिवळी पाकळी. दिवसभर तोरणं ओवत असणार. तिनं आम्हाला पाणीसुद्धा न देता आधी हॉल दाखवला, आणि खरंच, तो दाखवण्यासारखाच होता. लांबरुंद, उंच. खाली आरशासारख्या टाइल्स, त्यांत आमचीच प्रतिबिंबं उलटी चालत होती. वर पीओपीचं छत, त्यात गोल गोल दिवे. मळ्याच्या बाजूला पूर्ण काचेची खिडकी आणि समोर तीन बाजूंनी मोकळा पोर्च. सामान अजून काहीच आलेलं नव्हतं. नुकत्याच दिलेल्या रंगाचा ओला, गोडसर वास. आम्ही बोलू लागलो, तर शब्द भिंतींना हात लावून परत येत होते. नणंद तर मुद्दाम मोठ्यानं हसत होती. अंधाऱ्या घरात इतकी वर्षं दबून बोललेल्या बाईला आपला आवाज एवढ्या थाटानं परत येताना ऐकून किती आनंद होत असेल, ते मला समजत होतं.

जाऊबाई हॉलच्या मध्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी सहज एक ओळ गुणगुणली. खोलीनं ती ओळ अलगद उचलली. सूर छताला गेला, तिथून पसरत चहूकडून खाली आला, पहिल्या शब्दाची सावली दुसऱ्या शब्दावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर. त्या लहान, तांबूस आवाजाला जणू कुणी मोठी शाल पांघरली. जाऊबाई थक्क होऊन माझ्याकडे पाहत हसल्या. आजारपणानंतर असं हसणं मी पाहिलं नव्हतं.

"पाह्यलं?" नणंद म्हणाली. "माहं घरच तुले साथ देऊन राह्यलं."

चहा झाल्यावर आम्ही सतरंजी टाकून बसलो. दादांनी ढोलकीच्या कड्या ओढल्या, मी पेटीचा भाता उघडला. पहिली थाप पडली.

ती थाप संपेचना. पडली, समोरच्या काचेवर गेली, तिथून फिरली, छताला लागली, आणि ती परत येईस्तोवर दुसरी पडलेली होती. चार मात्रांतच हॉलमध्ये एक घुमणारा गोळा तयार झाला. थापांच्या मधली जी स्वच्छ जागा असते, जिच्यात गाणाऱ्यानं पाऊल ठेवायचं असतं, ती जागाच भरून गेली. पेटीचे सूर एकमेकांत कालवले जात होते. जाऊबाईंनी धृपद उचललं. मी त्यांच्याच शेजारी बसले होते, तरी मला फक्त आकार-उकार ऐकू येत होते. शब्दांचे कणे, त्यांतले क, त, प, सगळे बुडाले होते. शब्दाचं मांस तेवढं पाण्यावर आल्यासारखं तरंगत होतं. कवितेवर जगलेल्या बाईला हे ऐकणं फार कठीण. मगाशी एकट्या आवाजाला शाल पांघरणारी हीच खोली आता ढोलकीच्या अंगावर शालीमागून शाली चढवत होती आणि त्या ढिगाखाली जाऊबाई दिसेनाशा झाल्या होत्या.

त्यांनी जोर लावला. गळ्याची शीर उठली, ऑपरेशनचा व्रण ताणला गेला. दुसऱ्या कडव्यात त्या थांबल्या.

दादा आणखी दोन आवर्तनं वाजवून थांबले. "काहून थांबली?"

"गळा सुकला," जाऊबाई म्हणाल्या आणि पाण्याची बाटली उचलून आत गेल्या.

मी मागोमाग गेले. नव्या, रिकाम्या स्वयंपाकघरात त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. रडत नव्हत्या. मला वाटलं, त्यांनी दादांना सांगावं, हात हलका ठेवा म्हणून. तसं मी म्हटलंही. त्यांनी मान हलवली. सांगितलेलं होतं, आधीही, कितीदा. दोन ओळी हलक्या जातात, मग रंगात आले की हात आपल्या वजनानं पडतो. ढोलकी नकोच म्हटलं तर त्यांचा जीव दुखेल. आणि खरी अडचण वेगळीच होती. "त्याइच्या ठेक्याबिगर मले उभंच राहता येत नाही गं," त्या म्हणाल्या. "ठेका पाहिजे. नं ठेक्याखाली मी दबून राह्यलो. आता सांग."

मी बाटलीचं झाकण काढून ती त्यांच्या हातात दिली.

त्या संध्याकाळी आम्ही जे जे सुचलं ते केलं. नणंदेच्या यजमानांनी मंडपवाल्याकडून माइक आणि स्पीकर आणवला. जाऊबाईंनी तोंड उघडताच स्पीकरनं अशी शिट्टी मारली, की मळ्यातली कुत्री भुंकायला लागली. शिट्टी थांबवली तेव्हा माइकमधून आवाज आला खरा, पण तोही भिंतींवर जाऊन त्याच गोळ्यात मिसळला. जिथे आधीच आवाजांची गर्दी झाली होती, तिथे आणखी एक आवाज आत ढकलल्यासारखं झालं. मग मी नणंदेला सुचवलं, खाली गाद्या घालाव्या, खिडकीवर काही जाड टांगावं. तिचा चेहरा उतरला. "एवढ्या हौसेनं फरशी बसवली, नं तुमी तिच्यावर गाद्या टाकून राह्यल्या? बाया पाहतीन काय मंग, गाद्याइच्या उसवलेल्या खोया?" असं म्हणाली खरी, पण अंधार पडायच्या आत जुन्या घरातल्या झाडून सगळ्या गाद्या नि गोधड्या टेम्पोत घालून तिनंच आणवल्या. स्वतः खिडकीवर चादर बांधली. फरशीचा एकेक चौकोन झाकला जात होता आणि ती पाहत होती. वहिनीसाठी तिनं ते सोसलं. गाद्यांनी थोडा फरक पडला. थोडाच. छत तसंच होतं आणि हात तोच होता.

दुसऱ्या दिवशी होम झाला. धूर, तूप, आंब्याची पानं. मामा म्हणून दादांचा मान पहिला. माहेरचा आहेर त्यांच्या हातून गेला आणि सासरच्यांनी त्यांना टोपी-उपरणं दिलं. जेवणं आटोपल्यावर बायका हॉलमध्ये येऊ लागल्या. मळ्यावर काम करणाऱ्या, बाजारात शेजारी टोपली मांडणाऱ्या, जुन्या गल्लीतल्या, नणंदेच्या मुलीच्या मैत्रिणी. मी पेटीवरचं कापड काढत होते आणि काहीतरी बदलतंय असं जाणवलं. आदल्या दिवशी शब्द भिंतींना हात लावून परत येत होते; आता ते येईनासे झाले. एकेक बाई मांडी घालून बसत गेली तसतशी खोली मवाळ होत गेली. त्यांची लुगडी, पदर, मांडीवरची लेकरं, अंबाड्यातली शेवंती, सगळं मिळून तो कठीण हॉल हळूहळू शोषून घेत होतं. माणसं आली आणि घर बोलण्यासारखं झालं. मला आशा वाटू लागली.

सुरुवातीची आरती सगळ्यांनी मिळून म्हटली. तेव्हा ढोलकी कुणालाच जड झाली नाही; पन्नास आवाजांखाली ती बरोबर बसली. मग नणंद उठली आणि आपल्या घरातलं पहिलं गाणं आता वहिनी म्हणणार, असं सांगून खाली बसली. दादांनी ठेका धरला. आदल्या दिवसापेक्षा पुष्कळच बरं होतं, तरी थाप अजूनही आपलं शेपूट ओढत येत होती. जाऊबाईंनी धृपदाचा पहिला शब्द उचलला. पुढे बसलेल्या बायकांनी ऐकण्यासाठी माना पुढे काढल्या. मागच्या रांगेतली एक दुसरीला कानात काही विचारू लागली.

जाऊबाईंनी ते पाहिलं. त्या थांबल्या. शेजारच्या बाईच्या हातातला टाळ त्यांनी सावकाश आपल्याकडे घेतला आणि मला म्हणाल्या, "तू म्हन."

दादा वाजवत होते. डोळे मिटलेले, मान डुलत होती. त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांच्या कानांत त्यांची ढोलकीच होती. त्यांच्या पाठीमागे पोर्चचं दार सताड उघडं होतं. दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि पलीकडे मळा, नुसती मोकळी हवा.

"दादा," मी म्हणाले.

त्यांचा हात थांबला. मला वाटतं, माझ्या शब्दानं थांबला नाही. तो शब्द कुणाकडून आला, त्यानं थांबला. हॉलमधला गलका विझला.

"दादा, तुम्ही ढोलकी घेऊन बाहेर पोर्चमध्ये बसता का? दाराशी. आत थाप फार घुमते आहे. ताईंचा आवाज दबतो."

हे मी सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहून म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. माझा आवाज त्या भरलेल्या हॉलमध्ये अगदी कोरडा, स्वच्छ ऐकू आला, एकही अक्षर न बुडता.

नणंद अर्धवट उठली. "अवं, काहीतरीच काय? मामा हायेत ते. चपलाइच्यात बसतीन का?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग बायकोकडे. "दबते?"

जाऊबाई टाळाच्या दोरीकडे पाहत म्हणाल्या, "हाव. थोडासा."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं न. तुमी ढोलकी वाजवून राह्यले होते, ऐकाल कुठून?"

बायकांत खसखस पिकली. एक म्हातारी म्हणाली, "घरोघरी असंच हाय, बाई." दादांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ होता, मग एक ओशाळं हसू. त्यांनी नवी टोपी काढून बहिणीच्या हातात दिली, उपरणं खांद्यावर टाकलं, ढोलकी उचलली आणि बाहेर गेले. चपला पायानं बाजूला सारून, पाठ मळ्याकडे आणि तोंड दाराकडे करून खाली बसले. नणंद लगबगीनं पाट घेऊन धावली. त्यांनी तो मांडीखाली न घेता ढोलकीखाली घेतला.

मीही पेटीचा भाता अर्ध्यावर आणला आणि नुसते दोन सूर धरून ठेवले.

बाहेरून ठेका आला. तीच थाप, तोच हात. पण पोर्चच्या तिन्ही बाजू मोकळ्या होत्या. घुमायला काही नव्हतं. जास्तीचं सारं मळ्यावर, शेवंतीच्या वाफ्यांवरून निघून जात होतं आणि दारातून आत येत होता तो फक्त ठेका, सडसडीत, जिथल्या तिथे. दोन थापांच्या मधली जागा पुन्हा रिकामी झाली होती. जाऊबाईंनी त्या जागेत पाऊल ठेवलं.

शब्द आले. सगळे आले, आपापल्या कडांसकट. बायकांच्या पदरांनी जेवढं प्यायचं तेवढं पिऊन घेतलं होतं आणि उंच छतानं उरलेल्या सुराला किंचित टेकू दिला. पणतीएवढा तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मला ते बायकांच्या चेहऱ्यांवर दिसलं. मघा कानात विचारणारी आता ओठ हलवत होती. जाऊबाईंनी कुठेही जोर लावला नाही. व्रण शांत होता. दुसऱ्या कडव्यात त्यांनी एक जागा अशी घेतली, की जिच्या वाटेला त्या आजारपणानंतर गेल्याच नव्हत्या. आवाज थोडा चिरकला, त्यांनी तो चिरकू दिला आणि पुढे गेल्या. नणंद टोपी छातीशी धरून भिंतीला टेकली होती. तिला रडू आवरत नव्हतं, आणि तिनं आवरायचा प्रयत्नही केला नाही.

आणि बाहेर आणखी एक गोष्ट घडत होती. शेजारी बसून वाजवताना दादांना आपली ढोलकीच काय ती ऐकू यायची. आता त्यांना बायकोचा आवाज दारातून, लांबून, शोधून घ्यावा लागत होता. त्यांनी मान तिरकी केली होती. एक कान दाराकडे लावला होता. कडवं संपून जाऊबाई श्वास घ्यायच्या, तिथे त्यांचा हात आपसूक हलका व्हायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. गाणं संपेपर्यंत तो जड पंजा बोटांवर आला होता.

गाणं संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भजनाला आमच्याकडे टाळ्या वाजवत नाहीत. मागून एक बाई म्हणाली, "अजून एक म्हना न, बाई," आणि लगेच चारपाच जणी तेच म्हणाल्या.

दादा दारातून मला म्हणाले, "आता ऐकू येते का बराबर?"

मला. माझ्याकडे पाहून. मध्ये कुणीही नव्हतं.

"हो, दादा," मी म्हणाले. "सगळं येतं."

"तिले सांग, दुसरं थोडं खालून उचल म्हना," ते म्हणाले, आणि मग स्वतःच हसले, कारण ती समोरच बसली होती. नणंदेनं त्यांना पोर्चमध्ये चहा नेऊन दिला. ते आत आले नाहीत. कुणी बोलावलंही नाही. आपली जागा सापडलेल्या माणसासारखे ते तिथे बसले होते, अवतीभोवती पन्नास बायकांच्या चपला आणि समोर उघडं दार.

त्या दिवसाचा विचार मनात आला, की मला कितीतरी गोष्टींचे आभार मानावेसे वाटतात. फरशी झाकू देणाऱ्या नणंदेचे, टोपी उतरवून उठणाऱ्या दादांचे, आणि त्या बायकांचे, ज्यांनी नुसतं येऊन बसण्यानं एक खोली गाण्याजोगी केली. आपण गाणाऱ्याला जिंकवतो किंवा हरवतो असं आपल्याला वाटतही नाही. आपण फक्त कुठे बसायचं ते ठरवतो.

पूर्वी आमच्या घरी दादा ठेका धरत आणि जाऊबाई त्यात शिरत. तिथे, नणंदेच्या नव्या हॉलमध्ये, दुसऱ्या गाण्याच्या वेळी ढोलकी सुरू झाली नाही. दादांचे हात चामड्यावर नुसते टेकलेले होते. ते वाट पाहत होते. जाऊबाईंनी दाराकडे एकदा बघितलं, टाळ शेजारणीच्या मांडीवर परत ठेवला, घोटभर पाणी घेतलं आणि पहिली ओळ एकटीनं उचलली.